की-७६ ‘स्टेला’ला स्टॉर्चची नक्कल म्हणणं बरोबर आहे का?

धागालेखक
दुसऱ्या महायुद्धातल्या की-७६ या जपानी संपर्क विमानाचा (‘स्टेला’ हे दोस्त राष्ट्रांनी त्याला दिलेलं नाव) विषय निघाला, की ‘ती जर्मन फीझलर स्टॉर्चची नक्कल’ एवढं म्हणून लोक पुढे सरकतात. मला हे अन्यायाचं वाटतं. जपानी लष्कराने १९४० मध्ये कोकुसाई कंपनीला निरोप पोहोचवणं आणि तोफखान्यासाठी निरीक्षण अशा दुहेरी कामासाठी विमान बनवायला सांगितलं. मे १९४१ मध्ये पहिला नमुना उडाला, तेव्हा जर्मनीकडून घेतलेलं स्टॉर्च जपानमध्ये पोहोचलंही नव्हतं. समोर नसलेल्या यंत्राची नक्कल कशी करणार?

आणि मुख्य म्हणजे पंख बघा. स्टॉर्चच्या पंखाच्या पुढच्या कडेला टोकापर्यंत स्थिर स्लॅट (कमी वेगातही पंखाची उचल टिकवणाऱ्या अरुंद पट्ट्या) आहेत आणि मागे खाचेचे फ्लॅप (उतरताना खाली झुकणारे पंखाचे भाग). की-७६ ला फाउलर फ्लॅप आहेत. ते नुसते खाली झुकत नाहीत, मागेही सरकतात, त्यामुळे उतरताना पंखाचं क्षेत्रफळच वाढतं. हा विचारच वेगळा आहे.

प्रतिसाद १
असहमत. उंच पंख, लांब टांगांची चाकं, चहूबाजूंनी काचांची केबिन, मूठभर जागेत चढउतार... हा सगळा आराखडा स्टॉर्चने आधीच जगासमोर ठेवला होता. छायाचित्रं आणि माहिती पोहोचायला विमान बोटीने यावं लागत नाही. फ्लॅप बदलले म्हणून कल्पना स्वतःची होत नाही.

धागालेखक
प्रेरणा मीही नाकारत नाही. प्रेरणा आणि नक्कल यांतल्या फरकासाठीच तर हा धागा काढला. १९४२ मध्ये दोन्ही विमानं शेजारी ठेवून तपासली, तेव्हा बहुतेक बाबतींत की-७६ सरस ठरलं. इंजिन बघा : स्टॉर्चचं आर्गुस २४० अश्वशक्तीचं, यात हिताचीचं ३१० अश्वशक्तीचं, गोलाकार मांडलेल्या सिलिंडरांचं इंजिन.

प्रतिसाद २
‘बहुतेक’ म्हणालात, पण उरलेली बाब सांगितली नाहीत. उतरल्यावर थांबायला की-७६ ला जास्त जागा लागत होती. शेतात, नदीकाठी, जिथे जागा मिळेल तिथे उतरायचं विमान हे! नेमक्या त्याच गुणात मागे पडलं, तर बाकीची सरसता घेऊन करायचं काय?

प्रतिसाद १
शिवाय वापराचं बोला. ‘टाइप ३’ या लष्करी नावाने उत्पादनाचा हुकूम निघाला नोव्हेंबर १९४२ मध्ये, आणि पुढे हे संथ विमान पाणबुड्या शोधायला ‘आकित्सू मारू’ या लष्कराच्या जहाजावर पाठवलं. डेकवर अडकायला आकडा आणि ६० किलोचे दोन पाणबुडीविरोधी बॉम्ब लावून. ताशी १७८ किलोमीटर हा कमाल वेग! लष्कराला स्वतःची वेगळी विमानवाहू जहाजं बाळगावी लागली, यातच नौदलाशी असलेला बेबनाव दिसतो.

प्रतिसाद ३
बेबनावाबद्दल सहमत, वेगाबद्दल नाही. समुद्रात पेरिस्कोप शोधताना संथ विमान हा दोष नव्हे. तासन् तास पाण्याकडे बघत राहायचं असतं, आणि लहान डेकवर परत उतरायला कमी वेगच हवा. अडचण होती ती संख्येची आणि उशिराची. उतरण्याची सोय या जहाजावर १९४४ मध्ये केली, तोवर अमेरिकन पाणबुड्यांनी जपानी मालवाहतुकीचं कंबरडं मोडत आणलं होतं.

प्रतिसाद १
आणि शेवट? १५ नोव्हेंबर १९४४ ला ‘क्वीनफिश’ पाणबुडीच्या पाणतीरांनी तेच जहाज बुडालं. दोन हजारांहून अधिक माणसं गेली. पाणबुड्या शोधायच्या जहाजाची ही गत.

धागालेखक
ती माणसं गेली हे वाचताना मलाही त्रास होतो. पण त्याचा ठपका विमानावर ठेवू नका. त्या सफरीत जहाज फिलिपिन्सकडे निघालेले सैनिक वाहून नेत होतं. थांबायच्या अंतराचा मुद्दा मात्र मान्य, तो मी सुरुवातीलाच लिहायला हवा होता. नक्कल हा शब्द अजूनही मान्य नाही. नक्कल करणाऱ्याने आधी ते स्लॅट उचलले असते. स्टॉर्च इतक्या कमी जागेत उतरायचं त्यात त्यांचा मोठा वाटा होता.