डेट, मॉर्गिज, हायपॉथिकेशन : हे शब्द वाचायचे तरी कसे?

प्रश्न (विद्यार्थिनी, तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ)

मी गावातल्या अभ्यासिकेत बँकेच्या परीक्षेची तयारी करते. मागच्या आठवड्यात सराव मुलाखतीत मी 'डेब्ट' म्हणाले, समोरच्या सरांनी तो शब्द 'डेट' असल्याचे सांगितले आणि त्यानंतर एकही उत्तर मला धड देता आले नाही. बाबांच्या पीककर्जाच्या कागदांवर असे शब्द मी लहानपणापासून पाहते आहे, पण ते मोठ्याने कुणी उच्चारलेले कधी ऐकलेले नाहीत आणि त्यांचा नेमका अर्थही सांगता येत नाही. यादी पाठ केली तर चार दिवसांत विसरते. जे वाचायचेच नाही ते अक्षर लिहितात कशासाठी?

उत्तर १ (निवृत्त इंग्रजी शिक्षक, आर्वी)

बेटा, त्या 'बी'चा उच्चार इंग्रजांनीही कधी केला नाही. कर्ज या अर्थाचा हा शब्द फ्रेंचमधून 'बी'शिवायच आला. पुढे लॅटिनमधल्या 'डेबिटम'शी त्याचे नाते दिसावे म्हणून लेखनात 'बी' घुसवला गेला. पावतीला आपण 'रिसीट' म्हणतो, त्यातला 'पी' त्याच वाटेने आला. याउलट सरदार या अर्थाच्या 'नाइट'मधला 'के' एके काळी खरोखर उच्चारला जात असे. बोलणे पुढे गेले, लेखन मागे राहिले. आपली लिपी तरी कुठे सगळे सांगते? 'चार' आणि 'चारा' यांतला च आपण एकसारखा लिहितो, पण बैलापुढे टाकायच्या चाऱ्याचा च निराळा आहे, आणि तो आपल्याला फळ्यावर कुणी शिकवलेला नाही.

'मॉर्गिज'मध्ये 'टी' मुका असतो. मूळ फ्रेंच अर्थ 'मृत तारण'. सतराव्या शतकातील इंग्रज कायदेपंडित एडवर्ड कोक यांनी त्याचा उलगडा असा केला आहे की, पैसे फेडले नाहीत तर जमीन ऋणकोच्या दृष्टीने मेली, आणि फेडले तर तारण मेले. (या गृहस्थांचे आडनाव लिहितात 'कोक' आणि वाचतात 'कुक'. इंग्रजीपुढे हात टेकावेत ते असे.)

उत्तर २ (सहकारी बँकेतील कर्मचारी, वणी)

ताई, मॉर्गिज म्हणजे जमीन किंवा घर गहाण. त्याचा बोजा सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात चढतो. हायपॉथिकेशन म्हणजे नजरगहाण : ट्रॅक्टर तुमच्याच अंगणात उभा असतो, तुम्हीच तो चालवता, पण आरसी बुकावर बँकेचे नाव असते. पीककर्जात उभे पीकही असेच नजरगहाण असते. उच्चारताना जोर 'के'वर द्यावा. शब्दकोशात शब्दाच्या ज्या भागावर जोर द्यायचा त्याच्याआधी वर एक छोटी उभी रेघ असते, ती पाहण्याची सवय लावून घ्या.

एक सावधगिरी मात्र हवी. वहीत देवनागरीत 'डेट' लिहिले तर ते कर्ज की तारीख, हे कळणार नाही. कर्जातला ए आखूड आहे. तारखेतला लांबतो आणि शेवटी 'इ'च्या उच्चाराकडे झुकतो. म्हणून मोबाइलवरच्या शब्दकोशातला आवाज आधी ऐका, तीनदा मोठ्याने म्हणा आणि मगच लिहा.

उत्तर ३ (जिनिंगमधील दिवाणजी, हिंगणघाट)

यादीऐवजी हाताखालच्या वस्तूंपासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे. कापसाच्या बोंडाला इंग्रजीत 'बोल' म्हणतात, कृषी केंद्रात ऐकू येते तसे 'बॉल' नव्हे. बोंडअळी ती 'बोलवर्म'. सरकी काढलेली रुई म्हणजे 'लिंट'. आणि कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या आमच्या 'जिनिंग'मधला 'जिन' हा 'एंजिन' या शब्दाचाच तुटलेला तुकडा आहे, हे मला पंचवीस वर्षे नोकरी केल्यावर कळले.

विद्यार्थिनी

सर्वांची आभारी आहे. आज बाबांना 'नजरगहाण' म्हणून दाखवले, तर ते लगेच म्हणाले, "हो, ट्रॅक्टरचे तेच होते." आणखी एक विचारते : खात्यावर 'एल, आय, ई, एन' असे लिहून काही रक्कम अडवलेली दिसते, ते काय असते?

उत्तर २ (सहकारी बँकेतील कर्मचारी, वणी)

तो शब्द 'लीन'. बँकेने त्या रकमेवर आपला हक्क ठेवला आहे. तो उठेपर्यंत ती काढता येत नाही. कशापोटी ठेवला, ते शाखेत विचारून घ्या.