नाकातून गाठ काढली, नवव्या दिवशी नाकातून पाणी गळायलंय. आईच्या बादली उचलण्यानं झालं का?

जिंतूरकर:
नमस्कार. आईचं (वय 54) ऑपरेशन नाकातून दुर्बिणीनं झालं संभाजीनगरला, पिट्युटरीच्या (मेंदूखालची छोटी ग्रंथी) वर गेलेली गाठ होती. सातव्या दिवशी घरी आणलं. काल ज्वारी निवडायला खाली वाकली अन् उजव्या नाकातून टपटप पाणी सुपात पडलं, अगदी नितळ. घशात खारट लागायलंय म्हणती, बसलं की डोकं ठणकतंय, आडवं झालं की कमी होतंय. मावशी म्हणायली सर्दी हाय, वाफ दे. अन् घरात सगळे आईलाच बोलायलेत कारण तिनं परवा मोरीतली भरलेली बादली उचलली होती. बिचारी रात्रभर रडली. हे मेंदूचं पाणी असंल का? तिच्यामुळंच झालं का? सर म्हणले होते की ऑपरेशनमध्येच पाणी आलं होतं, नाकातला पडदा वळवून लावलाय.

ईएनटी रेसिडेंट:
दादा, वाफ नको, नाक शिंकरणं नको. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना आत्ता फोन लावा अन् आजच निघा. तुम्ही सांगताय ती लक्षणं लीकचीच, म्हणजे मेंदूभोवतीचं पाणी नाकात गळण्याचीच वाटायलीत. ताप, मान आखडणं, उलट्या, गुंगी यातलं काही दिसलं तर जवळच्या मोठ्या दवाखान्याच्या इमर्जन्सीत, कारण त्या वाटेनं जंतू वर जाऊन मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाचा संसर्ग) होऊ शकतो.

आता बादलीचं. वजन उचलायचं नसतंच, आतला दाब वाढतो अन् नवीन पॅच (तो लावलेला पडदा) हलू शकतो, म्हणून तोंड उघडं ठेवून शिंकायचं अन् संडासला जोर काढायचा नाही असं सांगतो आम्ही. पण एकट्या बादलीवर खापर फोडू नका. लीकची शक्यता बरीचशी ऑपरेशनच्या टेबलावरच ठरलेली असते: गाठ सेलाच्या (पिट्युटरी बसते तो हाडाचा खळगा) वर गेलेली, मेंदूच्या आवरणाला पडलेलं भोक मोठं, ऑपरेशन चालू असतानाच पाणी जोरात आलेलं. त्यात वजन जास्त असलं की डोक्यातला दाब मुळातच जास्त राहतो, घोरून श्वास अडकणाऱ्यांचंही तसंच. आधी रेडिएशन झालंय किंवा दुसऱ्यांदा ऑपरेशन असलं तर पॅच धरायला वेळ लागतो. हायड्रोसेफॅलस (डोक्यात पाणी साचणं) असंल तर पाणी वाट शोधतंच. आईचं वजन किती?

जिंतूरकर:
86 किलो, उंची पाच फूट. घोरते पण लई.

गंगाखेडकर:
दादा घाबरू नका, सोमवारी ओपीडी असतेच की, दोन दिवस थांबून बघा, थोडं पाणी आपोआप बंद होतं.

लातूरची ताई:
नका थांबू हो. माझं 2021 ला असंच झालं होतं, मी तीन दिवस सर्दी समजून रुमाल बदलत बसले अन् चौथ्या दिवशी 103 ताप. एक खूण सांगते, शेंबडाचा रुमाल वाळला की कडक होतो, माझा वाळून पण मऊच राहायचा. ही तपासणी नव्हे, पण तेव्हा कळलं असतं तर...

ईएनटी रेसिडेंट:
ताईंचं बरोबर हाय. अन् साखर तपासायच्या पट्टीवर विसंबू नका, नाकाच्या पाण्यातही साखर असू शकते. खात्री बीटा 2 ट्रान्सफेरिन (मेंदूच्या पाण्यात सापडणारं प्रथिन) तपासून होते, त्यासाठी ते पाणी छोट्या स्वच्छ डबीत जमलं तर धरा, पण त्यासाठी आईला मुद्दाम वाकवू नका. शरीर दिवसाला साधारण 500 मिली हे मेंदूचं पाणी नवीन तयार करतं, त्यामुळं भोक उघडं राहिलं तर गळतच राहतं. कदाचित कमरेतून ड्रेन (ते पाणी बाहेर काढायची बारीक नळी) टाकतील. पिट्सबर्गची 2019 ची एक ट्रायल हाय, 170 पेशंट, भोक मोठं असलेले. सुरुवातीलाच ड्रेन टाकलेल्यांत लीक 8.2 टक्के, न टाकलेल्यांत 21.2. नाहीतर पुन्हा आत जाऊन मांडीची किंवा पोटाची चरबी लावून बुजवतात. जाताना गाडीत सीट थोडी मागं करून डोकं वर ठेवा.

जिंतूरकर:
काल रात्रीच ॲडमिट केलं. लीकच निघाला, ड्रेन टाकलाय, खाट वर करून झोपवलंय, ताप नाही. मावशीला फोनवर सांगितलं तर ती पण रडली. आईला तुमचे मेसेज वाचून दाखवले, बादलीचा भाग तिनं दोनदा वाचायला लावला.