मदत हवी आहे: नॉर्मंडीच्या वेळची 'वॉरस्पाइट'

मंडळी, ब्रिटिश युद्धनौका 'वॉरस्पाइट'चं १:३५० मॉडेल करायला घेतलंय. डबा उघडून महिना झाला, पण रंगाशीच अडलोय. मला ती ६ जून १९४४ची, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर मारा करतानाची हवी आहे. सप्टेंबर १९४३मध्ये इटलीतल्या सालेर्नोजवळ फ्रिट्झ-एक्स हा रेडिओने नियंत्रित जर्मन बॉम्ब थेट तिच्या तळापर्यंत घुसला होता. त्यामुळे नॉर्मंडीला मागचा एक्स टरेट (तोफांचा फिरता बुरूज) बंदच. आठांपैकी सहाच १५ इंची तोफा चालू. मग तो टरेट सरळ मागे तोंड करूनच ठेवू ना? आणि त्या दिवशीची रंगसंगती कोणती? जवळून काढलेले फोटो असतील तर प्लीज टाका. पहिल्या महायुद्धात जटलंडच्या लढाईत सुकाणू अडकून गोल गोल फिरूनही वाचलेली ही म्हातारी; तिला अंदाजपंचे रंगवायला मन धजत नाही.