घरपट्टी वाढवायची की जीएसटीतला हिस्सा मागायचा?

केळीवाला रावेरकर
मंडळी, परवा ग्रामसभेत घरपट्टीवाढीचा ठराव आला आणि निम्मी सभा चहाच्या नावाखाली उठून गेली. सरपंच म्हणतात पैसा नाही. कसा नाही? ट्रॅक्टरमध्ये डिझेल टाकलं की केंद्राचा कर, त्यावर राज्याचा व्हॅट. केळीवर फवारायच्या औषधाला 18 टक्के जीएसटी. गावातून रोज कर जातो, परत येताना मात्र त्याचं नाव ‘अनुदान’ होतं. तेही बांधलेलं. केंद्राच्या पंधराव्या वित्त आयोगाच्या (2021-26) 100 रुपयांतले 30 पाण्याला आणि 30 स्वच्छतेला आधीच ठरलेले. उरलेल्या 40 मधून पगार-आस्थापनेवर खर्चाला मनाई. वर 2021 मध्ये राज्याने सांगितलं, पथदिव्यांची वीजबिलंही वित्त आयोगाच्या पैशातूनच भरा. एका हाताने दिलं, दुसऱ्याने काढून घेतलं. माझं म्हणणं एवढंच, जीएसटीचा ठरावीक हिस्सा ग्रामपंचायतीला हक्काने मिळू द्या. तोवर घरपट्टी वाढवायची नाही.

निवृत्त ग्रामसेवक
दादा, अमळनेर-पारोळ्याकडे अख्खी नोकरी काढली, म्हणून बोलतो. घरपट्टी कधी भरली जाते माहीत आहे? दाखला हवा असला की. किंवा निवडणुकीचा फॉर्म भरायचा असला की. एरवी मार्चमध्ये शिपाई दारात गेला की घरधनी नेमका शेतात. 2015 पासून आकारणी भांडवली मूल्यावर आली, पण नमुना 8, म्हणजे घरपट्टी आकारणीची नोंदवही, उघडून बघा. स्लॅबच्या बंगल्याच्या जागी अजून मातीचं घर लिहिलेलं सापडेल. ताज्या केळीला जीएसटी नाही, शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही. गावाने गावासाठी द्यायचा म्हणून जो कर आहे, तोच तुम्हाला नको. आधी वसुली दाखवा, मग हिस्सा मागा.

केळीवाला रावेरकर
आबा, शेतीला आयकर लावायचा तर ज्या साली सीएमव्ही या केळीवरच्या विषाणूने उभी बाग उपटून बांधावर फेकावी लागते, त्या साली सरकार घरी येऊन पैसे देणार का? आणि वसुली कमी म्हणून हिस्सा नाही, हा न्याय फक्त गावालाच का?

गल्लीतला व्यापारी
भो, शहराकडे बघा म्हणजे हक्काच्या पैशाची गंमत कळेल. आधी जकात होती. नाक्यावर ट्रकच्या रांगा, पावतीपेक्षा ‘चहापाणी’ जास्त. मग एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, हिशेबाच्या वह्या लिहून आम्ही दमलो. ऑगस्ट 2015 मध्ये 50 कोटींच्या आतल्या उलाढालीवरचा गेला, जुलै 2017 मध्ये जीएसटी आल्यावर उरलेलाही. बदल्यात महापालिकांना राज्याकडून भरपाई मिळते. 2016-17 चं उत्पन्न पाया धरून दरवर्षी 8 टक्के वाढ, चक्रवाढीने. कायद्यातच लिहिलंय. म्हणजे काम करा न करा, पैसा येणार. मी राहतो त्या शहराचं नाव घेत नाही, पण आमच्या गल्लीचा रस्ता बघून या.
जकात होती तेव्हा व्यापारी नगरसेवकाची कॉलर धरायचा, ‘माझ्या पैशाचं काय केलं?’ आता विचारायची सोयच राहिली नाही.

पांझराकाठ
शेठ, जकातीचं एवढं प्रेम कधीपासून? तेव्हा तुम्हीच दुकानं बंद ठेवून मोर्चे काढत होतात. पण एक मुद्दा सगळ्यांकडून सुटतोय. केंद्राच्या करांतला 41 टक्के वाटा राज्यांना मिळतो, पण सेस (उपकर) आणि अधिभार त्या वाटणीत धरतच नाहीत. डिझेलवरच्या करात सेसच मोठा. म्हणजे रावेरच्या दादांनी भरलेल्या त्या पैशातलं वाटायला मुळात फार थोडं येतं. मुंबईने खाल्लं म्हणून ओरडायच्या आधी दिल्लीतच किती अडकतंय ते बघा.
आणि आबा, तुम्हनं म्हणनं खरं शे, पण दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग नेमून गावांना किती द्यायचं ते ठरवा, हे घटनेत 1993 पासून आहे. वसुलीचा नियम ग्रामसेवकाला, वाटणीचा नियम कोणाला?

सातपुड्याचा
तुम्ही सगळे बागायतीतले बोलताय. आमच्या धडगावकडे एका ग्रामपंचायतीचे पाडे या डोंगरापासून त्या डोंगरापर्यंत. घरं कुडाची, घरपट्टी जमणार किती? वित्त आयोगाचा पैसा मुख्यतः डोकी मोजून येतो, आणि आमच्याकडे डोकी कमी, अंतर जास्त. तीन पाड्यांना पाणी द्यायचं तर तीन वेगळ्या योजना लागतात. घरपट्टी भरेल त्यालाच हिस्सा म्हणाल तर आम्ही संपलो.
बरं, बंधनाशिवाय पैसा दिला की उधळतात, हेही मला पटत नाही. 2015 पासून पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) गावांना आदिवासी उपयोजनेतला 5 टक्के निधी थेट मिळतो. अबंध म्हणतात त्याला. आमच्या पाड्यावर त्यावरून दोन रात्री भांडण झालं. विहीर खोल करायची की शाळेपर्यंतचा रस्ता. शेवटी विहीर झाली. रस्तावाले अजून आमच्याशी नीट बोलत नाहीत.

निवृत्त ग्रामसेवक
हे भांडण मला आवडलं. आमच्याकडे खर्चाचा आराखडा ग्रामसभेत वाचला तरी कोणी मान वर करत नाही. मात्र पेसाचा अपवाद मान्य, बागायती गावांना ती सबब देणार नाही.

केळीवाला रावेरकर
सबब कसली? निवडून आलेलं मंडळ नसलं की आयोगाचा पैसा अडतो. जळगाव जिल्हा परिषदेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, पुढे वर्षानुवर्षं प्रशासक. निवडणूक लांबली कोर्टकचेरीत आणि मंत्रालयात, पैसा अडला जिल्ह्याचा. त्याची भरपाई पण माझ्या घरपट्टीतून करायची का?

निवृत्त ग्रामसेवक
ते चूकच. तिथे मी तुमच्या बाजूने. पण दादा, एक विचारतो, राग मानू नका. तुमच्या घराचा वरचा मजला नमुना 8 वर आहे ना?

केळीवाला रावेरकर
आबा, विषय बदलू नका. प्रश्न जीएसटीच्या वाट्याचा आहे.

पांझराकाठ
😂

गल्लीतला व्यापारी
भो, वरच्या मजल्याचं उत्तर राहिलं.