सॅन फ्रान्सिस्कोच्या जहाजांचं रेडिओवरचं बोलणं घरी ऐकता येतं का? (बाबांसाठी)

अलमेडाकर
नमस्कार मंडळी, माझे बाबा रत्नागिरीचे, मर्चंट नेव्हीत रेडिओ ऑफिसर होते, अख्खी नोकरी मोर्समध्ये गेली. सध्या आमच्याकडे अलमेडाला आलेत. दिवसभर ओकलंड पोर्टची कंटेनर जहाजं बघतात, मोबाईलवर त्यांची नावं शोधतात आणि मग म्हणतात, अरे नुसतं बघून काय करू, ते बोलतायत काय ते ऐकव ना. घरबसल्या ऐकता येतं का, आणि लायसन्स वगैरे लागतं का?

तारवाला
अमेरिकेत नुसतं ऐकायला लायसन्स लागत नाही, बोलायचं मात्र अजिबात नाही, म्हणून मरीन हँडसेट घेऊ नका, साधा रेडिओ स्कॅनर किंवा यूएसबीवाला एसडीआर डोंगल, म्हणजे कॉम्प्युटरला लावायचा छोटा रिसीव्हर घ्या. मोड नॅरो एफएम ठेवा आणि आधी चॅनल 14 लावा, म्हणजे 156.700 मेगाहर्ट्झ. तिथे कोस्ट गार्डचं व्हेसल ट्रॅफिक, म्हणजे जहाजांची वाहतूक सांभाळणारं केंद्र बसतं, खाडीतलं प्रत्येक मोठं जहाज त्यांना रिपोर्ट करतं. 16 म्हणजे 156.800, हाक मारायला आणि मेडे, म्हणजे संकटाच्या हाकेसाठी. 70 वर वेळ घालवू नका, तिथे फक्त डिजिटल सिग्नल असतात. अँटेनाला 48 सेंमीच्या आसपास तार पुरते, पण उभी लावा आणि जमेल तितकी उंच, कारण व्हीएचएफ, म्हणजे या चॅनलांच्या लहरी, जवळपास सरळ रेषेतच जातं. गोल्डन गेटच्या बाहेरची जहाजं 12 वर बोलतात, ती तुमच्याकडे नीट येतील असं वाटत नाही, मधे शहराच्या टेकड्या आहेत. ऑनलाइन स्ट्रीमही असतात पण त्या कोणाच्या तरी घरच्या स्कॅनरवर चालतात, त्याने बंद केला की संपलं.

सेकंड मेट
काका, नमस्कार! 13 सोडू नका, 156.650, ब्रिज टू ब्रिज, म्हणजे एका जहाजाच्या ब्रिजवरून (जिथून जहाज चालवतात) थेट दुसऱ्याच्या ब्रिजशी. जानेवारी 1971 मध्ये दाट धुक्यात गोल्डन गेटखाली दोन टँकर धडकले, किनाऱ्यावरच्या रडारवाल्याला दोन्ही दिसत होते, पण त्यातल्या एकाशी रेडिओवर संपर्कच होईना. 8 लाख गॅलनच्या आसपास तेल खाडीत गेलं. त्याच वर्षी ब्रिज टू ब्रिज रेडिओचा कायदा आला. आज बंदरात वाट दाखवणारा पायलट गोल्डन गेटबाहेर 11 मैलांवर जहाजावर चढतो आणि समोरून येणाऱ्याला 13 वरच सांगतो, 'वन व्हिसल', म्हणजे पोर्ट टू पोर्ट, डावी बाजू डावीकडे ठेवून जाऊया. एवढंच बोलणं, पण आमचा जीव त्यावर असतो. धुक्याच्या सकाळी ऐका, तेव्हा खरी गडबड असते.

बिनतारी
डोंगल घ्याच, पण बाबा मोर्सवाले आहेत तर त्यांना पॉइंट रेजला घेऊन जा! तिथे केपीएच हे किनाऱ्यावरून जहाजांशी मोर्समध्ये बोलणारं जुनं कोस्ट स्टेशन स्वयंसेवकांनी जपलंय, सायप्रस झाडांच्या रांगेतून आत जायचं. शनिवारी माणसं असतात, खऱ्या कीवर मोर्स पाठवतात, जायच्या आधी वेळ बघून घ्या. अमेरिकेतला व्यावसायिक मोर्स 12 जुलै 1999 ला बंद झाला, म्हणून दर वर्षी त्या तारखेला ते रात्री उशिरापर्यंत प्रसारण करतात. रेडिओ रूमच्या घड्याळावरचे लाल पट्टे बाबांना आठवत असतील, दर तासाला 15 ते 18 आणि 45 ते 48 मिनिटं, 500 किलोहर्ट्झवर सगळ्यांनी गप्प राहून फक्त संकटातल्या जहाजासाठी कान द्यायचा.

अलमेडाकर
वाचून दाखवलं. लाल पट्टे म्हटल्याबरोबर बाबांनी टेबलावर बोटाने व्हीडब्ल्यूबी वाजवलं, बॉम्बे रेडिओचा कॉल साइन! डोंगल आजच मागवतोय, येत्या शनिवारी पॉइंट रेज. तिथे बाहेरच्या माणसाला कीवर बसू देतात का? त्यांचा हात अजून चालतो.

बिनतारी
विचारा की बिनधास्त. जुने रेडिओ ऑफिसर आलेत म्हटल्यावर ती मंडळी खूश होतील. आणि जॅकेट न्या, तिथे उन्हाळ्यातसुद्धा गार वारा असतो.