मदत हवी आहे: दोन टीमचे बदकांचे आकडे जुळत नाहीयेत, फॉर्ममध्ये काय भरू?

तापीकाठचा_पोऱ्या
मंडळी जरा लवकर सांगा, उद्या संध्याकाळपर्यंत फॉर्म द्यायचाय. पाणपक्षी गणनेला आम्ही दोन टीम केल्या होत्या, एका टीमने बदकं २६०० लिहिली आणि दुसरीने १४५०. थवा तोच, पाण्यात मध्यभागी बसलेला, वेळ पण तीच. सर गणना झाली तसे लग्नाला गेले, फोन लागत नाही, आणि सगळं माझ्या गळ्यात. सरासरी काढून टाकू का मोठा आकडा टाकू? "सराव करा" एवढं सोडून काहीही सांगा.

मोकळा_वेळ
कुठला तलाव ते तरी सांग. मेहरुण, वाघूर, नकाणे, अनेर? खान्देशात पाणी एकाच ठिकाणी आहे का?

तापीकाठचा_पोऱ्या
तापीवरचं हतनूर धरण. अजून कुठलं असणार.

दुर्बीणवाले_काका
टेलिस्कोप होता का? नसेल तर दोन्ही आकडे केरात टाका. हतनूरच्या बॅकवॉटरला थवा काठापासून इतका लांब बसतो की ८ बाय ४२ च्या दुर्बिणीतून निव्वळ ठिपके दिसतात. मी किती वर्षांपासून सांगतोय सगळ्यांनी वर्गणी काढून एक स्पॉटिंग स्कोप आणि दणकट ट्रायपॉड घ्या, पण ऐकतंय कोण. लोकांना लेन्ससाठी पैसे असतात.

क्लिकक्लिक_भुसावळ
काका टोमणा कळला. स्कोपची काही गरज नाही. थव्याचे सलग फोटो काढायचे, घरी कॉम्प्युटरवर मोठे करून एकेका पक्ष्यावर टिंब द्यायचं, आकडा हातात. वाद संपला. फोटो आहेत का भाऊ?

दुर्बीणवाले_काका
दोन फोटोंच्या कडेला तेच पक्षी दोनदा येतात त्याचं काय? आणि बुडी मारलेलं लालसरी बदक फोटोत कसं येणार? ते पाण्याखाली असतं तेव्हा तुझी टिंबं कुठे देतोस?

क्लिकक्लिक_भुसावळ
मग तुमच्या स्कोपमधून पाण्याखालचं दिसतं वाटतं.

पुणेकर_सध्या
बदकं मोजण्यापेक्षा भिगवणला या, उजनीच्या पाण्यात रोहित बघा, डोळ्यांचं पारणं फिटेल. पहाटे होडी ठरवायची.

केळीवाला_रावेर
त्याने काय विचारलंय आणि तुम्ही काय सांगून राह्यले भो.

मास्तर
आधी पद्धत सांगतो, भांडणं नंतर करा. एवढा मोठा थवा एकेक करून कोणीच मोजत नाही. पहिले दहा पक्षी नीट मोजायचे, त्यांनी किती जागा घेतली ते डोळ्यांत धरायचं, त्यावरून शंभराचा तुकडा ठरवायचा आणि तो तुकडा थव्यावर पुढे पुढे ठेवत जायचं. एकाने मोजायचं, दुसऱ्याने लिहायचं, तिसऱ्याने नुसतं उडून जाणाऱ्यांकडे लक्ष ठेवायचं, किती उडाले, कुठल्या दिशेने, किती वाजता. मिश्र थवा असेल तर आधी एकूण आकडा, मग पुन्हा एकदा नजर फिरवून कुठली जात अंदाजे किती ते. सरासरी मात्र चुकूनही टाकू नका. ही गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते, मागचे-पुढचे आकडे लावून बघायला ती कामाला येते, आणि तुमची सरासरी तर कोणालाच दिसलेली नसणार! आता मला सांगा, दोन्ही टीम कुठे उभ्या होत्या?

तापीकाठचा_पोऱ्या
काठावर.

मास्तर
अहो, कुठल्या काठावर!

तापीकाठचा_पोऱ्या
एक रावेरच्या बाजूला आणि एक मुक्ताईनगरच्या बाजूला, चांगदेवच्या अलीकडे. त्याने काय फरक पडतो, थवा तर मध्येच होता ना. २६०० वाली रावेरकडची.

मास्तर
तिथेच तर सगळा फरक आहे. जानेवारीत सूर्य उगवतो आग्नेयेला आणि दिवसभर दक्षिणेकडूनच फिरतो. रावेरच्या काठावरून तुम्ही दक्षिणेकडे बघणार, म्हणजे सकाळपासून ऊन थेट डोळ्यांवर, पाणी चांदीसारखं चमकणार आणि पाण्यावरचं सगळं काळं दिसणार. मुक्ताईनगरकडच्यांच्या पाठीशी ऊन, त्यांना रंग दिसणार. आता रावेरच्या टीमच्या वहीत बघा, वारकरी, म्हणजे तो पांढऱ्या चोचीचा काळा पाणपक्षी, किती लिहिलेत?

तापीकाठचा_पोऱ्या
वारकरी लिहिलेच नाहीयेत. दुसऱ्या टीमने ११०० लिहिलेत, वेगळ्या रकान्यात.

मास्तर
सापडले तुमचे अकराशे. १४५० आणि ११०० झाले २५५०, बाकी पन्नासाचा फरक एवढ्या थव्यात चालायचाच. उन्हाविरुद्ध वारकरी हमखास बदकांत जमा होतो, त्याची ती पांढरी चोच आणि कपाळ लांबून दिसतच नाही. पण रंग नसला तरी आकारावरून ओळखता येतं. वारकऱ्याची पाठ गोल आणि पोहताना मुंडी सारखी पुढेमागे. थापट्या बदक चोच पाण्यावर टेकवून गोल गोल फिरतं. तलवार बदकाची मान लांब आणि शेपटी टोकदार, उडालं तर जागेवरून सरळ वर. वारकरी उडायच्या आधी पाण्यावर फटफट पाय मारत धावतो. लालसरीही धावते, तिथे जरा घोळ होतो. फॉर्ममध्ये मुक्ताईनगरवाल्या टीमचा आकडा टाका, 'अंदाज' म्हणून खूण करा आणि दुसरा काठ शेऱ्यात लिहा. बेरीज तर मुळीच नको, थवा एकच आहे.

दुर्बीणवाले_काका
स्कोप असता तर रावेरकडूनही वारकरी दिसला असता.

क्लिकक्लिक_भुसावळ
काका उन्हाविरुद्ध स्कोप लावला तर काळं ते मोठं काळं दिसतं.

जलपर्णी_हटाव
या निमित्ताने सगळ्यांना सांगतो, जलपर्णी पावसाळ्याआधीच काढा, मुळासकट, आणि काठावर पसरून वाळवा, पुन्हा पाण्यात ढकलू नका. बेशरमचे ताटवेही वाढलेत. श्रमदानाला दहा जण आले तरी पुष्कळ.

भोईवाड्यातला
मी मासेमारी करणाऱ्या घरातला, म्हणून बोलतो. तुम्ही लोक सात-साडेसातला येऊन वेळ तीच वेळ तीच म्हणता, पण आमच्या होड्या पहाटे जाळी उचलायला निघतात, त्या गेल्या की थवा उठतो आणि वरच्या अंगाला जाऊन बसतो. अर्ध्या तासाने परत येतो. तेवढ्यात कोण मोजून राह्यलं काय ठाऊक. आधी आम्हाला विचारलं तर होड्या कधी, कुठे जाणार ते सांगू की. पण ते नाही, श्रमदानाच्या दिवशी फाटक्या जाळ्यांचे फोटो काढायचे आणि खाली लिहायचं कोळ्यांनी पक्षी मारले. नायलॉनच्या जाळ्यात पाणकावळा अडकला तर तो कापून सोडवताना जाळं आमचंच जातं.

केळीवाला_रावेर
हे खरं बोलला. आणि पाणी खाली गेलं की गाळपेर सुरू होते, टरबुजाच्या वाड्या लागतात, माणसं आली की पक्षी सरकतात. मागच्या साली जिथे होते तिथे यंदा नसतीलच. चौकटी मागच्याच कागदावरून आखल्या असतील तर बघा.

खवय्या_जळगाव
गणना झाल्यावर भरीत पार्टी झाली का नाही? काड्यांवर भाजलेली वांगी आणि कळण्याची भाकरी.

केळीवाला_रावेर
भरीताबरोबर पुरी. भाकरी घरी खा.

खवय्या_जळगाव
आता बदकांपेक्षा मोठा वाद होईल.

अभयारण्य_कधी
हतनूर रामसर झालंय ना, ती जागतिक महत्त्वाच्या पाणथळांची यादी? मग वनखात्यालाच मोजू दे.

मास्तर
नाही. महाराष्ट्रात नांदूर मधमेश्वर, लोणार आणि ठाणे खाडी. हतनूर पक्ष्यांसाठी महत्त्वाचं क्षेत्र म्हणून नोंदलेलं आहे, ती यादी वेगळी, तिला कायद्याचं संरक्षण आपोआप मिळत नाही. म्हणून तर ही पोरं मोजतायत.

तापीकाठचा_पोऱ्या
मास्तर आभारी आहे. मुक्ताईनगरवाला आकडा टाकतो, शेऱ्यात रावेरची बाजू पण. भोईवाड्यातले दादा, पुढच्या खेपेला आदल्या दिवशीच येतो तुमच्याकडे. आता एकच अडलंय. गव्हाच्या शेतात हंस चरत होते, डोक्यामागे दोन काळे पट्टे असलेले, आमच्यातला एक म्हणतो पाण्यात नव्हते म्हणून धरायचे नाहीत.

मास्तर
पट्टकादंब! धरायचे म्हणजे धरायचेच, पाणपक्षीच आहेत, चरायला शेतात येतात. किती होते?

तापीकाठचा_पोऱ्या
बरेच.

मास्तर
बरेच म्हणजे? कुठल्या गावच्या शिवारात, किती वाजता, आणि कोणाच्या मानेत पट्टा होता का? कधी कधी अभ्यासकांनी नंबराचा पट्टा घातलेला असतो, तो नंबर मिळाला तर सोन्याहून पिवळं.

केळीवाला_रावेर
शेतवाल्याला विचारा, गहू किती खाल्ला ते तो बरोबर सांगेल.