लॅपटॉप सुरू होताना मुलांचं वारली चित्र दिसावं, पण अक्षरांच्या जागी चौकोन येतात (लिनक्स मिंट २१.३)

प्रश्न

नमस्कार. मी जव्हार तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. वर्गात एकच लॅपटॉप आहे, ४ जीबी रॅमचा. रोज बटण दाबायची एकेका मुलाची पाळी असते आणि बाकीचे २२ जण पडदा उजळायची वाट बघत भोवती दाटी करतात. तेव्हा आधी कंपनीचा लोगो येतो, मग मिंटचा, म्हणजे लॅपटॉपवरच्या ऑपरेटिंग सिस्टीमचा. त्या जागी मला चौथीतल्या एका मुलीने काढलेला तारपा नाच हवा आहे, गेरूवर पांढऱ्या रेघांचा. खाली 'या, बसा' एवढीच अक्षरं.

आधी ग्रबच्या (सिस्टीम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या) फाइलमध्ये फोटोचा पत्ता दिला आणि अपडेट-ग्रब ही आज्ञा चालवली. काहीच बदललं नाही. मग प्लायमाउथची (सिस्टीम सुरू होईपर्यंत पडद्यावर चित्र दाखवणाऱ्या प्रोग्रामची) एक थीम कॉपी करून तिच्यात फोनवरचा फोटो घातला. फोटो जेपीजी होता, मी नाव बदलून पीएनजी केलं. आता पडदा काळा येतो आणि 'या, बसा'च्या जागी चौकोन दिसतात. कुठे चुकतंय? मुलीला शब्द दिलाय, त्यामुळे सोडून द्यायचं नाहीये.

प्रतिसाद १

मॅडम, ग्रबचं चित्र फक्त ग्रबच्या मेनूमागे दिसतं. लॅपटॉपवर एकटं मिंट असेल तर तो मेनू लपवलेलाच असतो, म्हणून तुम्हाला फरक दिसला नाही. तो नाद सोडा, तुमचं काम प्लायमाउथचंच आहे.

नाव बदलून फाइल बदलत नाही, आतून ती जेपीजीच राहते. ग्रबला जेपीजी चालतं, प्लायमाउथच्या थीमला खरी पीएनजी लागते. गिंप या चित्रं सुधारायच्या प्रोग्राममध्ये फोटो उघडा, उंची ७६८ पिक्सेल करा आणि एक्स्पोर्ट करताना पीएनजी निवडा. लहान करायचं कारण असं, की हे चित्र इनिटरॅमएफएस नावाच्या गाठोड्यात बांधलं जातं आणि डिस्क नीट उघडायच्या आधीच ते गाठोडं मेमरीत येतं. कॅमेऱ्याचा अख्खा फोटो तिथे कोंबू नका.

थीम कॉपी केलीत तर .प्लायमाउथ फाइलमधले दोन्ही पत्ते, चित्रांच्या फोल्डरचा आणि स्क्रिप्टचा (चित्र कसं मांडायचं ते सांगणाऱ्या फाइलचा), नव्या फोल्डरचे आहेत ना तेही बघा. मग अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज या आज्ञेने थीम निवडायची आणि शेवटी अपडेट-इनिटरॅमएफएस, डॅश यू लावून. ही शेवटची आज्ञा राहिली की जुनंच चित्र येत राहतं.

प्रतिसाद २

चौकोनांचं कारणही त्या गाठोड्यातच आहे. सुरुवातीच्या त्या क्षणी तुमच्या सिस्टीममधले सगळे फॉन्ट हाताशी नसतात, मोजकेच आत बांधलेले असतात आणि त्यांत देवनागरी नसते. फॉन्ट आत घालायच्या मागे लागू नका. अक्षरं चित्रातच आणा. मी तर म्हणेन, टाइपही करू नका. त्या मुलीलाच कागदावर लिहायला सांगा.

आणखी एक. चित्र पडद्याभर ताणू नका, नाचाचं रिंगण अंड्यासारखं होईल. स्क्रिप्टमध्ये उंची पडद्याइतकी घ्या आणि रुंदी त्याच प्रमाणात. बाजूच्या रिकाम्या पट्ट्यांना गेरूचाच रंग द्या. गिंपच्या पिपेटने रंग उचला. तिथले ० ते २५५ मधले आकडे घ्या, प्लायमाउथला ० ते १ लागतात, म्हणून २५५ने भागा. लाल ११५ आला तर ०.४५ लिहायचं.

प्रतिसाद ३

हात घालण्याआधी टाइमशिफ्ट या प्रोग्रामने स्नॅपशॉट (बिघडलं तर परत फिरता येईल अशी सिस्टीमची नक्कल) घ्या, वर्गाचा एकुलता लॅपटॉप आहे. पडद्यावर काही अडकलंसं वाटलं तर एस्केप दाबा, मागचा मजकूर दिसतो. अगदीच चालू झाला नाही तर ग्रबच्या मेनूत ई दाबून लिनक्सच्या ओळीतला 'स्प्लॅश' शब्द खोडा आणि एफ१० दाबा. तो बदल त्या एका वेळेपुरताच असतो.

कंपनीचा पहिला लोगो मात्र लिनक्सचा नाही, फर्मवेअरचा, म्हणजे लॅपटॉपच्या चिपमध्येच असलेल्या प्रोग्रामचा आहे. काही लॅपटॉपांत बायोसमधून, म्हणजे त्याच फर्मवेअरच्या सेटिंगमधून, तो बंद करता येतो. नसेल येत तर राहू द्या. त्यासाठी फर्मवेअर फ्लॅश करायच्या (नव्याने भरायच्या) भानगडीत पडू नका.

प्रश्नकर्तीचं उत्तर

झालं! तुम्हा तिघांचे मनापासून आभार.

पहिल्यांदा चित्र आलं ते रिंगण चपटं होऊन. प्रमाणाची ओळ मी रुंदीवर लावली होती. ती सुधारली आणि तारपा वाजवणारा मधोमध नीट उभा राहिला. पट्ट्यांचा रंग ०.४५, ०.१८, ०.११ असा निघाला. कागद कुठे संपतो ते आता शोधूनही सापडत नाही. 'या, बसा' तिने स्वतः लिहिलं, पीठ कालवून, बांबूच्या काडीने. 'ब' जरा मोठा झालाय, तो तसाच ठेवला.

सोमवारी बटण दाबायची पाळी तिचीच ठेवली होती. कंपनीचा लोगो अजून येतो, मग तिचं चित्र. ती काही बोलली नाही, नुसती मागे वळून सगळ्यांकडे बघत राहिली. लगेच बाकीच्यांनी आपापल्या वह्या पुढे केल्या.

आता दर महिन्याला चित्र बदलायचं ठरलंय. पुढचं भातलावणीचं आहे. ते काढणाऱ्या मुलाला कागद आडवा धरायला सांगितलाय.